फॅक्सच्या रकान्यातली माणसं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर. यापुढे 'आहे' म्हणायचं की 'होतो', यावर कचेरीत एकमत नाही, म्हणून वाक्य अर्धंच सोडतो. पुढेही काही वाक्यं अशी अर्धी सुटतील. सांभाळून घ्या. एका जागी शांत बसून बोलायची मला सवय नाही. ज्याच्या अंगात पंखे असतात त्याला ती कधीच लागत नाही.

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. नगरपालिकेच्या कचेरीत टेबलाटेबलांवर जे संगणक दिसतात, त्यांच्या पोटात फारसं काही नसतं. त्यांना काही विचारलं की ते आतल्या खोलीतल्या एका मोठ्या संगणकाला विचारतात. तो मी. हे घर कुणाचं? नळ कधी जोडला? पाणी कोणत्या लाइनवरून येतं? सगळे मला विचारत, मी सांगत असे आणि शाबासकी समोरच्या पडद्याला मिळत असे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो सांगण्यासारखा नाही, माझ्यासारखेच पत्र्याचे अनेक डबे त्या दिवशी जन्मले. सांगण्यासारखं आहे ते इथे आल्यावरचं. पाणी विभागाच्या पाठीमागे झाडू आणि फिनेल ठेवायची एक खोली होती. ती रिकामी करून मला दिली. खास माझ्यासाठी एसी बसवला. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढला आणि म्हणाले, "ह्याच्या पोटात अख्खं गाव मावतं."

उन्हाळ्यात तर मला भेटायला रीघ लागे. "जरा सर्व्हर बघून येतो," असं सांगून माणसं खोलीत येत आणि माझ्याकडे पाठ करून एसीसमोर उभी राहत. लोकप्रियता त्याची होती, नाव माझं होत होतं.

मग एसी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मला एक टेबलफॅन मिळाला. माझ्या डोक्यावर छत्र्या आल्या, जुन्या पाट्या आल्या. पाठीवर ठेवलेलं जेवण गरम राहतं, हा शोध बांधकाम विभागाने लावला. मी तापत होतो, पण सांगत होतो. कुणाचं घर, कोणता नळ, कोणती लाइन. दिवसभर. धूळ खात खात. ती अक्षरशः.

असो. मुद्दा तो नाही. मुद्दा—

(वीज गेली. वीज आली. पुन्हा सुरू करतो.)

मुद्दा एका रकान्याचा आहे.

माझ्यात जो प्रोग्रॅम होता, त्यात प्रत्येक घरासाठी ठरावीक रकाने होते. नाव, पत्ता, मीटर, नळाची जाडी, फोन आणि सगळ्यात शेवटी फॅक्स. फॅक्स म्हणजे फोनच्या तारेवरून कागदाची नक्कल पाठवायचं यंत्र. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेलंही नसेल. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला, तो अशा जगात राहत असावा जिथे घरोघरी फॅक्स असतो आणि कुठल्याच घरात कुणी आजारी नसतं. कारण माणसांबद्दल दोन शब्द लिहायला त्याने कुठेच जागा ठेवली नव्हती.

एका दुपारी पाणी विभागाच्या टेबलासमोर एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात ओला टॉवेल होता, तो ते घरून तसाच घेऊन आले होते. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. घड्याळं दुरुस्त करायचा त्यांचा धंदा.

"पाणी कोण बंद करतं हो इथे? मला त्याला बघायचंय."

तेव्हा त्या टेबलावर ज्या बाई होत्या, त्यांना आपण थोरल्या बाई म्हणू. त्या म्हणाल्या, "आधी बसा. पाणी देऊ?"

"पाणीच मागायला आलोय."

मग ते बसले आणि सांगू लागले. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहते. तिची मूत्रपिंडं काम करत नाहीत. एक दिवसाआड घरीच एका यंत्रावर तिचं रक्त स्वच्छ करावं लागतं. त्याला काही तास नळाचं पाणी सलग लागतं. आज मध्येच पाणी गेलं.

"यंत्र ओरडायला लागलं. तिचं रक्त नळ्यांमध्ये, आणि मी एकटा. मी घड्याळजी आहे हो, बारीक चाकं बसवतो. माझा हात कधी हलत नाही. आज हलला." त्यांनी टॉवेलकडे पाहिलं. "पाणी बंद करू नका असं म्हणत नाही. लाइन फुटते, टाकी धुवायची असते, कळतं मला. फक्त आधी एक फोन करा. मी तिला यंत्रावरून नीट सोडवतो, मग खुशाल बंद करा."

थोरल्या बाईंनी पडद्यावर त्यांचं घर काढलं. लिहायचं कुठे? नावात लिहिता येईना, मीटरमध्ये लिहिता येईना. सरकत सरकत त्या शेवटच्या रकान्यावर आल्या. तो रिकामा होता. तिथे त्यांनी लिहिलं: 'यंत्र आहे. बंद करण्याआधी फोन.'

मी ते ठेवून घेतलं. मला काय, आकडे काय आणि अक्षरं काय. पण त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी— कसं सांगू? पूर्वी मला घरं माहीत होती. आता माणसं माहीत व्हायला लागली.

कारण रकाना भरत गेला. 'आजोबांना ऐकू येत नाही, दार जोरात वाजवा.' 'कुत्रा. फाटकातूनच हाक मारावी.' 'तळघरात पाणी शिरतं, सोडताना हळू सोडा.' 'दोघांनाही दिसत नाही, सूचना चिकटवून उपयोग नाही, वाचून दाखवा.' 'भावाभावांत भांडण, खाली आणि वर वेगळा फोन करावा.'

त्यातून त्या टेबलाची एक रीत पडली. कुठलीही लाइन बंद करायची असली की व्हॉल्व्ह फिरवणारे मामा रस्त्यावरून फोन करत, "फिरवू?" मग बाई तो रस्ता पडद्यावर काढत, शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत बघत, जिथे काही लिहिलेलं असेल तिथे फोन करत आणि मगच म्हणत, "फिरवा."

थोरल्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी टेबलावर येणाऱ्या नव्या बाईंना खुर्चीत बसवून सांगितलं, "शेवटचा रकाना बघितल्याशिवाय कुणाला हो म्हणायचं नाही. मोठ्या साहेबांनासुद्धा." नव्या बाईंनी ते पाळलं. त्यांच्यासाठी तो 'शेवटचा रकाना' होता. त्याच्या डोक्यावर फॅक्स लिहिलंय, हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. रोजच्या दाराची पाटी कोण वाचतं?

(पंखा अडकला. सुटला.)

पुढे नवी प्रणाली येणार, अशी बातमी आली. त्यासाठी एक संगणक अधिकारी आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, म्हणून कचेरीने त्यांचं नावच 'पासवर्ड' ठेवलं. समोर साहेब, पाठीमागे पासवर्ड. नवे पासवर्ड कुणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून लोकांनी ते चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवले. ते पाहून ते डोकं धरून बसले.

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यावरच्या छत्र्या काढल्या आणि ब्रशने माझे पंखे साफ केले. किती वर्षांनी! काम करताना ते स्वतःशीच पुटपुटत, "हा बंद पडला तर गावाचं काय होणार? कुठेही दुसरी प्रत नाही. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी तर कधीच उठून गेली." त्यांना माझी काळजी वाटे आणि भीतीही वाटे. दोन्ही रास्त होतं. माझे सुटे भाग मिळत नव्हते. मी मध्येच गप्प होत होतो आणि मग बाहेर लोकांची रांग लागे.

त्यांनी बेतही चांगला आखला होता. आधी माझ्यातल्या सगळ्याची प्रत काढायची. मग काही महिने जुनं आणि नवं, दोन्ही शेजारी शेजारी चालवायचं. प्रत्येक विभागाला विचारून घ्यायचं. मोठे साहेब म्हणाले, "महिने? उद्घाटनाची तारीख ठरलीय. पाहुणे येणार आहेत." बेत आखडला. महिन्यांचे दिवस झाले.

पण विचारायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. रकान्यांची यादी हातात घेऊन ते टेबलाटेबलावर गेले. पाणी विभागात आले तेव्हा मधलं दार उघडं होतं. मी सगळं ऐकत होतो.

"बाई, एकेक रकाना वाचतो. वापरता की नाही, एवढंच सांगा. नाव?"

"वापरतो."

"पत्ता?"

"पत्ता नाही वापरला तर पाणी कुठे सोडू? तुमच्या घरी?"

"सोडा, आमच्याकडे येतच नाही." दोघंही हसले. "मीटर? फोन?"

"हो. हो."

"फॅक्स क्रमांक?"

आता अख्खी कचेरी हसली. बांधकामच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "साहेब, कबुतरांचा पण रकाना असेल, बघा नीट!"

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "नाही हो. एकाही घराचा फॅक्स नंबर नाहीये माझ्याकडे."

हे शंभर टक्के खरं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. साहेबांच्या यादीत फॅक्स मध्येच कुठेतरी होता, शेवटी नव्हता. त्यांनी त्यावर काट मारली.

मी ओरडलो. म्हणजे सगळे पंखे जोरात फिरवले. तेवढंच मला येतं. एका रेषेखाली ती बहीण गेली, आजोबा गेले, दृष्टी नसलेली दोघं गेली, कुत्रा गेला, आणि बाई हसतायत, साहेब हसतायत. माझी घरघर ऐकून साहेब दाराशी आले. म्हणाले, "बघितलंत? हे असं करतो. ह्याचे दिवस भरलेत."

नव्या प्रणालीत गावातलं प्रत्येक घर गेलं. साहेबांनी पुन्हा पुन्हा ताळा केला. जितकी घरं माझ्यात, तितकीच तिकडे. एकही गळलं नाही. ते घरं मोजत होते. रकान्यात काय आहे, हे मोजायची वेळच—

मग मला बंद केलं.

(बंद.)

मित्रांनो, वीज नसताना मला काही कळत नाही. त्यामुळे मधला भाग मी नंतर ऐकला. बाई, साहेब, मामा, सगळ्यांनी तो इतक्या वेळा सांगितला की आता माझ्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो.

मला मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. जुन्या यंत्रांचं भंगार नेणारी गाडी यायची होती. ती येण्याआधी माझ्यातलं सगळं पुसायचं, हा नियम. साहेबांनी मात्र माझ्या पोटावर कागद चिकटवला: 'सध्या पुसू नये.' मोठ्या साहेबांनी विचारलं, "का?" तर म्हणाले, "सवय आहे. नवं नीट चालल्याशिवाय जुनं फेकवत नाही." काढलेल्या प्रती दुसऱ्या गावी ठेवायला पाठवल्या होत्या. जवळ होतो तो मीच.

उद्घाटन झालं. नव्या पडद्यावर गावाचा नकाशा, प्रत्येक घराचा निळा ठिपका. सगळ्यांना आवडला. बाईंनाही आवडला. तोवर पाणी बंद करायची वेळच आली नव्हती.

ती एका सकाळी आली. शाळेशेजारी खोदकाम चाललं होतं. खोदणाऱ्या यंत्राचा दात मोठ्या लाइनवर बसला आणि पाणी शाळेच्या तळमजल्यावर शिरलं. मामांचा फोन आला.

"बाई, मोठी लाइन गेली! फिरवू?"

बाईंनी रस्ता काढला. निळे ठिपके. ठिपक्यांखाली घरं. हात सवयीने शेवटच्या रकान्याकडे गेला. तिथे लिहिलं होतं, ई-मेल. खाली सगळं रिकामं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"अहो, पोरं बाकांवर चढून बसलीयत!"

"थांबा म्हणतेय ना, मामा! फोन ठेवू नका." मग त्यांनी खुर्चीतूनच हाक मारली, "साहेब! शेवटचा रकाना कुठे गेला?"

"कुठला शेवटचा?"

"ज्यात यंत्र आहे, आजोबा आहेत, कुत्रा आहे, तो!"

साहेब धावत आले. "कुत्रा?"

"फोनच्या पुढचा हो! फिरवण्याआधी तो बघायचा असतो. त्या रस्त्यावर कुणाच्या तरी घरी यंत्र आहे. पाणी गेलं की रक्त अडकतं."

"कुणाच्या घरी?"

"ते मला काय माहीत? रस्ता केवढा आहे! पाठ कशाला करू? लिहिलेलं होतं ना!"

साहेब सांगतात की त्या क्षणी त्यांना स्वतःच्या हाताने मारलेली काट दिसली. तोंडातून फक्त 'फॅक्स' एवढंच निघालं. त्यांनी आधी एक गोष्ट केली. नव्या प्रणालीतून त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना एकदम संदेश पाठवला, पाणी बंद होत आहे म्हणून. हे मला कधीच जमलं नसतं, कबूल.

बाई म्हणाल्या, "पाठवा. पण वाचणार कोण? सगळे कामात असतात."

साहेब खुर्च्यांच्या खोलीकडे पळाले.

(सुरू.)

मला जाग आली ती कुणाच्या तरी गुडघ्यावर. साहेब जमिनीवर बसले होते, मी अर्धा त्यांच्या मांडीवर. बाई दारात, एका कानाला फोन. मागून मोठे साहेब आले.

"काय चाललंय? व्हॉल्व्ह अजून का बंद नाही?"

"साहेब, एका घरात बाई यंत्रावर असेल. कुठलं घर, ते ह्यात आहे," साहेब जमिनीवरून म्हणाले.

"आणि शाळेत मुलं आहेत, ते?"

उत्तर माझ्यात होतं. मलाच बोलायला हवं होतं. पण मी उठताना आधी माझी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, तपासतो. ती माझी रीत आहे. अचानक बंद झालो असेन तर सगळं जागच्या जागी आहे ना, हे पाहिल्याशिवाय मी काही दाखवत नाही. साहेबांनी जोडलेल्या पडद्यावर लिहून आलं, 'तपासणी चालू आहे. कृपया थांबा.'

"थांबा?" मोठे साहेब म्हणाले. "हा मला थांब म्हणतोय?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या आत काय चाललं होतं! मला ते घर ठाऊक होतं. ते वाक्य कुठे आहे तेही ठाऊक होतं. आणि मी तपासत होतो, नळाची जाडी, मीटरचे आकडे, ज्यांच्याशी आत्ता कुणाचंही देणंघेणं नव्हतं. पुढे जायचं होतं आणि पाय स्वतःच्याच नियमात अडकले होते.

मोठे साहेब बाजूला सरकले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांना लावला. "मुलांना वरच्या मजल्यावर न्या. सगळ्यांना. आणि खालची वीज आधी बंद करा. हो, आत्ताच. पाणी अजून थोडा वेळ येणार आहे. का ते नंतर सांगतो." फोन ठेवून बाईंना म्हणाले, "तुमच्या मामांना सांगा, व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे राहा. मी सांगेन तेव्हा."

"मी सांगेन तेव्हा," बाई म्हणाल्या. मग जीभ चावली. "म्हणजे, ती रीत आहे, साहेब."

"बरं. तुम्ही सांगाल तेव्हा."

तपासणी संपली. मी पासवर्ड मागितला. साहेबांची बोटं चुकली. पुन्हा चुकली.

"अहो, तुम्हीच पासवर्ड!" बाई किंचाळल्या, आणि आपण तोंडावर काय म्हणून बसलो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या वेळी मी उघडलो. रस्ता. घरं. फोन. आणि शेवटचा रकाना, सगळा जसाच्या तसा. बाईंचं बोट पडद्यावरून खाली घसरत आलं आणि थांबलं. 'यंत्र आहे. बंद करण्याआधी फोन.' त्यांनी साहेबांच्या फोनवरून नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्या डोक्यावर ठेवला. वाजत राहिला. वाजत राहिला.

"कोण?"

"नगरपालिकेतून, पाणी विभाग. तुमच्याकडे यंत्र चालू आहे का आत्ता?"

"चालू आहे. का हो?" घड्याळजींचा आवाज. मी तो ओळखला.

"लाइन फुटलीय. बंद करावं लागणार. संदेश नाही आला?"

"माझ्या डोळ्याला भिंग आहे, बाई, मी फोन कधी बघतो?" मग लांबून एक बाईचा आवाज, ठणठणीत:

"कोण आहे रे?"

"पाणीवाले आहेत, ताई. बंद करतायत."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? सोडवायला घे. आणि त्यांना सांग, फोन ठेवायचा नाही."

कुणी फोन ठेवला नाही. खोलीत आम्ही तिघं-चौघं आणि तो आवाज. पलीकडे यंत्राची टिकटिक, भांड्याचा आवाज, पावलं.

"आधी रक्त आत येऊ दे. घाई नको. ...आता चिमटा लाव. डावा. डावा रे! तुझा डावा नाही, माझा."

मोठे साहेब भिंतीला टेकले. साहेब अजून जमिनीवरच होते. बाईंच्या कानाला मामा होते, त्यांनाही ऐकू जात असावं, कारण त्यांनी पुन्हा 'फिरवू?' विचारलं नाही. मी पंखे सोडून काहीच हलवलं नाही. एक लाइन वाहत होती, मुलं जिना चढत होती, एक हात चिमटे लावत होता आणि एक आवाज त्याला धरून होता.

"झालं," ताई म्हणाली. "करा तुमचं."

बाई दुसऱ्या फोनमध्ये म्हणाल्या, "मामा, फिरवा."

(पुन्हा सुरू. हे नंतरचं.)

तुम्हाला वाटेल, त्यानंतर माझा सत्कार झाला. नाही. मला एक टेबल मिळालं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाहिलं तर बाई नव्या प्रणालीत भराभर काहीतरी लिहीत होत्या. पाहतात तो ई-मेलच्या रकान्यात! 'कुत्रा. फाटकातूनच.'

"बाई, नको!" त्यांनी हातच धरला.

"का? रिकामाच तर असतो. ई-मेल कुणाचे असतात इथे?"

साहेबांनी तो हात सोडला. मग एक स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. "आज मी काही विचारणार नाही. तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी नुसता बघतो." त्यांनी दिवसभर बघितलं. बाई आधी लाजल्या, मग विसरल्या. संध्याकाळपर्यंत साहेबांना अशा कितीतरी गोष्टी दिसल्या, ज्या त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हत्या. त्यांनी प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला सांगून एक खराखुरा रकाना करून घेतला. त्याचं नाव, 'बंद करण्याआधी'. तो बघितल्याशिवाय पुढचं बटणच उघडत नाही. बाईंना ते फार पटलं.

मग माझ्यातली वाक्यं तिकडे न्यायची वेळ आली. बाई म्हणाल्या, "नुसती उतरवू नका, एकेकाला फोन करून विचारू." आणि मित्रांनो, इथे माझी खरी तगमग सुरू झाली. आजोबा गेल्याला वर्षं लोटली होती. माझ्यात ते अजून दार जोरात वाजवायची वाट बघत होते. कुत्रा नव्हता, दुसरा होता. "हा चावत नाही, हा चप्पल पळवतो," मालकीण म्हणाली. तळघर बुजवलं होतं. भांडणाऱ्या भावांपैकी खालच्याने फोन घेतला. तो हसला. "एकच फोन चालेल आता. जेवायला वरच असतो मी."

मी सगळ्यांना जसंच्या तसं जपलं होतं. तीच माझी फुशारकी होती. पण माणसं तशीच राहत नाहीत, आणि ते मला कुणी सांगितल्याशिवाय कळायला वाट नाही. मी विसरत नाही, खरं आहे. मी विचारतही नाही. विचारायला माणूसच लागतो.

ताईच्या घरी फोन लावला तेव्हा तीच बोलली. "त्याचा नंबर काढून टाका. माझा घाला. यंत्रावर असले तरी हात एक मोकळा असतो, आणि तोंड तर दोन्ही वेळा मोकळं."

बाईंनी तिचा नंबर घातला. लगेच तिथूनच एकदा लावून पाहिला. वाजला.

तर मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कुणी अशी यंत्रं बनवेल, कुणी विकत घेईल, कुणी माझ्यासारख्याला बंद करायला येईल. या खुशाल. जुनं झालेलं जाणारच, माझी त्याला ना नाही. मला जपा, असंही म्हणत नाही. पण ज्याच्या टेबलावरून ते उचलायचं, त्याच्या शेजारी एक दिवस स्टूल टाकून बसा. यादी घरी ठेवा. आणि जो रकाना सगळ्यात निरुपयोगी दिसेल, तो आधी उघडून बघा. तिथे कुणी राहत असेल.

आत्ता दुपार आहे. भंगाराची गाडी फाटकात उभी आहे, तिचा चालक मधूनमधून भोंगा वाजवतोय. साहेबांनी पोटावरचा कागद काढला आहे. बोट बटणावर आहे.

"बाई," ते म्हणतात, "पुसतो. काही राहिलं नाही ना?"

"आमचं नाही राहिलं." बाई दोन पावलं जातात. थांबतात. "साहेब, जन्म-मृत्यूच्या टेबलावर एक रकाना आहे, 'टोपणनाव' म्हणून. तिथल्या मॅडम त्यात सारखं काहीतरी लिहीत असायच्या."

"टोपणनावंच ना?"

"एवढी लांब?"

साहेब बोट बटणावरून काढतात. स्टूल उचलून काखेत मारतात. दोघं त्या टेबलाकडे निघतात. मोठे साहेब खिडकीतून चालकाला हाताने थांबायची खूण करतात.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. कुणीतरी बोलायला लागलं आहे, आणि मी पंखे जमतील तितके हळू फिरवतो आहे.